पॉइंटवर अमृतसर होतं का? कार्डाचे पॉइंट, डीलर टूर आणि घरच्यांचा प्रवास

व्हिडिओत बोर्डावर आकडे घाईघाईत लिहिले होते, ते इथं सावकाश मांडतो. वही-पेन घेऊन बसा.

प्रश्न हदगावच्याच एका दुकानदाराचा होता. "सर, दोन वर्षं झाली, लेकरांना घेऊन अमृतसरला जायचं म्हणतोय. मेहुणा हैदराबादला नोकरीला आहे, तो कार्डाच्या पॉइंटवर विमानानं फिरतो. आपलं का होत नाही?"

होतं. पण मेहुण्याला पगार आहे आणि आपल्याला गल्ला आहे, हा फरक आधी लक्षात घ्या. त्याचा खर्च घरचा. आपला खर्च धंद्याचा आणि घरचा मिळून, म्हणजे जास्त. म्हणून पॉइंटही जास्त मिळायला पाहिजेत, असं वाटतं. इथंच हिशोब चुकतो.

पॉइंट येतात कुठून, ते बघा. गिऱ्हाईक कार्ड घासतं तेव्हा दुकानदाराच्या पैशातून साधारण दीड-दोन टक्के कापले जातात. त्यातला काही भाग कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो आणि त्यातला थोडा पॉइंट म्हणून गिऱ्हाइकाला परत येतो. म्हणजे आपण दुकानदार म्हणून दुसऱ्याच्या पॉइंटचे पैसे भरतच असतो! ही युक्ती जुनी आहे. अमेरिकन एअरलाइन्सनं १९८१ साली मैल मोजायला सुरुवात केली. आपल्याकडे एअर इंडियाचा महाराजा क्लब आहे, इंडिगोनं २०२४ मध्ये ब्लूचिप काढलं. सगळ्यांचा उद्देश एकच, गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात जाऊ नये.

आता अमृतसरचा हिशोब. नांदेडहून सचखंड एक्सप्रेस थेट जाते, गाडी बदलायची नाही. समजा चौघांचं एसीचं जाऊन-येऊन तिकीट १८,००० रुपये. पाच वर्षांवरच्या लेकराला वेगळा बर्थ घेतला तर पूर्ण भाडं लागतं, हे धरूनच आकडा काढा.

रेल्वेसाठी आयआरसीटीसी आणि एसबीआयचं मिळून एक कार्ड आहे. त्याच्या प्लॅटिनम प्रकारात दर १२५ रुपये खर्चाला १ पॉइंट मिळतो आणि रेल्वे तिकिटाला १ पॉइंट म्हणजे सरळ १ रुपया. मला हे आवडतं, कारण पॉइंटची किंमत लपवलेली नाही. पहिल्या वर्षाची फी ५०० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ५९०. (अटी बदलत राहतात, अर्ज भरायच्या दिवशी पुन्हा वाचा.)

समजा तुमचा महिन्याचा कार्डावर बसणारा खर्च २५,००० आहे. मोबाइल-इंटरनेट, पॅकिंगचा ऑनलाइन माल, कुरिअर, घरचा किराणा, कपडे. वर्षाचे झाले ३ लाख. भागिले १२५, म्हणजे २,४०० पॉइंट. फी वजा केली तर १,८१० रुपये उरले. शिवाय एसीचं तिकीट त्याच कार्डानं आयआरसीटीसीवर काढलं तर १० टक्क्यांपर्यंत पॉइंट परत, म्हणजे १८,००० वर १,८०० पर्यंत. पण ते पुढच्या प्रवासाला कामी येतात. दोन्ही धरून ३,६१० रुपये. चौघांतल्या एकाच्या जाण्यायेण्याचं तिकीट ४,५०० ला पडतं, ते बरंचसं सुटलं. बस. एवढंच. कुणी यूट्यूबवर "फुकट फॅमिली ट्रिप" म्हणत असेल तर त्याचा महिन्याचा खर्च किती, ते आधी विचारा.

"पण सर, माझी खरेदीच महिन्याला दोन लाखाची आहे, ती कार्डावर टाकली तर?"

टाका, पण नांदेडचा होलसेलवाला काय म्हणतो ते ऐका. कार्ड घासायचं तर तो २ टक्के वर मागतो. रोख किंवा लगेच ट्रान्सफर केलं तर उलट १-२ टक्के सूट देतो. १२५ ला १ पॉइंट म्हणजे ०.८ टक्का. दोन टक्के वर देऊन पाऊण टक्का कमवायचा? दोन लाखावर ४,००० जास्त गेले आणि १,६०० चे पॉइंट आले. रोखीची सूट गेली ती वेगळीच. जिथं कार्ड आणि रोख यांचा भाव एकच, तिथंच कार्ड. डिझेल-पेट्रोल, भाडं, वॉलेट भरणं, सरकारी भरणा यांवर बऱ्याच कार्डांचे पॉइंट मिळत नाहीत, हेही बघून घ्या.

आता व्याज. २५,००० चं बिल एक महिना थकलं, दर महिना साडेतीन टक्के धरला, तर ८७५ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,०३२. लेट फी वेगळी. महिन्याचे पॉइंट किती? २००. एका चुकीत पाच महिने धुऊन निघाले. "मिनिमम ड्यू" भरला म्हणजे सुटलो असं समजू नका. बाकी राहिली की नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. आणि सिबिल बिघडलं तर उद्या मुद्रा लोनच्या टेबलावर तेच निघतं. ज्यांचा धंदा हंगामी आहे, म्हणजे सोयाबीन-हळद निघाल्यावरच उधारी वसूल होते, त्यांनी बिलाची रक्कम हातात असेल तेवढाच खर्च कार्डावर करावा. उत्पन्नाचा कागद नसेल तर मुदत ठेवीवर कार्ड मिळतं. मी सुरुवातीला तेच सुचवतो, लिमिट आपोआप आवाक्यात राहतं.

विमानाचे मैल मी थोडक्यात संपवतो. पॉइंटवर काढलेल्या तिकिटालाही कर आणि फी रोख भरावी लागते. मैलांना मुदत असते आणि कंपनीचं काही खरं नसतं. जेट एअरवेजची विमानं एप्रिल २०१९ मध्ये थांबली. हदगावच्या माणसाला रेल्वेचा रुपयाला रुपया पॉइंट बरा.

आता ज्यासाठी हा सगळा धडा घेतला ती गोष्ट. आपल्या भागात खरे "मैल" वाटतात ते डीलर स्कीममध्ये. बियाणं, कीटकनाशक, सिमेंट, रंग. इतका माल उचला, थायलंड घ्या. समजा टार्गेट १२ लाखाचं, तुमची खरी विक्री ९ लाखाची. टूरसाठी ३ लाखाचा माल जादा उचलला. तो पुढच्या खरिपापर्यंत आठ महिने पडून राहणार. बँकेच्या १२ टक्क्यानं व्याज २४,००० होतं. सावकाराचे शेकडा दोन असतील तर ४८,०००. टूरची किंमत समजा ४०,०००. १ जुलै २०२२ पासून आयकराचं कलम १९४-आर लागू झालं. एका कंपनीकडून वर्षाला २०,००० च्या वर असा लाभ मिळाला तर १० टक्के टीडीएस कापावा लागतो आणि टूरची किंमत तुमच्या धंद्याच्या उत्पन्नात धरली जाते. २० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर एकूण कर ८,०००, टीडीएस त्यातच वळता. बँकेचं व्याज आणि कर मिळून ३२,००० गेले. औषधाची एक्स्पायरी अजून धरलेलीच नाही. आणि टूर एकट्याची! बायको-लेकरं घरीच.

त्यापेक्षा कंपनीच्या माणसाला सांगा, "टूर राहू द्या, बिलातच सूट द्या." विक्री सूट आणि रोख सूट यांना हे कलम लावलं जात नाही, असं आयकर विभागाच्या २०२२ च्या परिपत्रकात म्हटलं आहे. तुमच्या सीएला एकदा दाखवा. ती सूट वेगळ्या खात्यात टाकली की अमृतसरचे बरेच पैसे तिथूनच निघतात.

आणि जवळचा प्रवास असेल तर कार्ड खिशातच ठेवा. माहूरला जायचं आहे. तुम्ही, बायको, ७६ वर्षांची आई, १० वर्षांचा मुलगा. एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट, ७५ च्या वर ऑगस्ट २०२२ पासून मोफत, मुलाचं अर्धं. चौघं मिळून दोन पूर्ण तिकिटांत पोचता. आईचं आधार कार्ड तेवढं विसरू नका.

गृहपाठ: मागच्या तीन महिन्यांचा खर्च वहीत दोन रकान्यांत लिहा. कार्ड आणि रोख एकाच भावात असलेला खर्च डावीकडे, बाकी सगळा उजवीकडे. फक्त डावीकडच्या बेरजेला १२५ नं भागा. आणि १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० दिवस नाही. दिवाळीच्या सुट्टीत जायचं असेल तर पॉइंट त्या तारखेआधी खात्यात जमा झालेले पाहिजेत, म्हणून उन्हाळ्यापासूनच मोजायला लागा.