बगचा सातबारा

फायनल इयरच्या प्रोजेक्टला चार जण असले की एक वाक्य हमखास कानावर येतं, "ते माह्या मॉड्यूलमधलं नाही ना बे!" बोलणारा खोटं बोलत नसतो. पण चौघंही तेच म्हणतात आणि बग जिथल्या तिथे राहतो. मोठ्या प्रकल्पांत तर शेकडो लोक एकमेकांचं तोंडही न पाहता काम करतात. त्यांनी यावर काढलेला उपाय म्हणजे इश्यू ट्रॅकर, आणि त्यातला एक रकाना : 'असाइनी', म्हणजे हा बग सध्या कुणाच्या नावावर आहे. मी इथे फक्त या एका रकान्याबद्दल लिहिणार आहे. बाकीचं ट्रॅकर वापरता वापरता येतंच.

१९९८ मध्ये नेटस्केपने आपल्या ब्राउझरचा सोर्स कोड जगाला खुला केला. त्याच वर्षी टेरी वाइसमन यांनी त्या प्रकल्पासाठी बगझिला लिहिलं, आधी टीसीएल भाषेत आणि नंतर पर्लमध्ये. मोझिला आजही तेच वापरते. बगझिलात बग नोंदवताना आधी प्रॉडक्ट आणि मग त्यातला कॉम्पोनंट निवडावा लागतो. प्रत्येक कॉम्पोनंटचा एक ठरलेला असाइनी असतो, त्यामुळे बग जन्मतःच कुणाच्या तरी नावावर चढतो. मोझिलात पुष्कळ कॉम्पोनंटना माणसाऐवजी 'नोबडी' नावाचा पत्ता लावलेला असतो. हसू येईल, पण यात शहाणपण आहे. 'अजून कुणीही घेतलेला नाही' असं स्पष्ट लिहिलेलं असलं की असे सगळे बग एका सर्चमध्ये समोर येतात.

आपल्या भागात हे समजावायला सातबारा पुरेसा आहे. जमीन कुणाच्या नावावर हे सातबाऱ्यावर दिसतं, आणि ते नाव कधी, कशामुळे बदललं हे गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफारात सापडतं. बगझिलात प्रत्येक बगला 'हिस्टरी' असते. कुणी, कोणत्या तारखेला, कुणाचं नाव काढून कुणाचं लावलं, सगळं तिथे राहतं. फरक एवढाच की सातबाऱ्यावरचं नाव मालकाचं असतं, तर बगवरचं नाव पाणीपाळीसारखं असतं : आता पाळी कुणाची, एवढंच ते सांगतं. चूक कुणाची हे त्यात लिहिलेलं नसतं. ही गोष्ट विसरली की ट्रॅकरचं वाटोळं होतं.

उदाहरण घेऊ. समजा, यवतमाळच्या एखाद्या जिनिंगसाठी आपण कापसाची काटापावती छापणारा प्रोग्रॅम केला. पावतीवर मथळा हवा 'शेतकऱ्याचे नाव', आणि छापून येतं 'शेतकर्याचे नाव'. इंग्रजी माध्यमवाल्यांना यात काही वाटणार नाही, पण मराठीत दऱ्या आणि दर्या एक नाहीत, आणि आचाऱ्यांना दिलेलं आमंत्रण आचार्यांना गेलं तर पंगतीत गोंधळ उडेल! आणि ज्या जिल्ह्यात प्रत्येक पावतीवर पहिला शब्द 'शेतकऱ्याचे' आहे, तिथे तोच चुकीचा छापणं बरं नव्हे.

आता हा बग कुणाचा? छपाईत दिसला म्हणून तो छपाईचा कोड लिहिणाऱ्याच्या नावावर चढतो. ठीक आहे, सुरुवात कुठून तरी व्हायलाच हवी. त्याचं पहिलं काम बग सुधारणं नव्हे, तर साठवलेल्या मजकुराचे युनिकोड क्रमांक पाहणं. हे अक्षर लिहायच्या दोन रीती युनिकोडला मान्य आहेत. एकीत ऱ (०९३१), हलन्त (०९४डी) आणि य (०९२एफ). दुसरीत साधा र (०९३०), हलन्त, मग न दिसणारा झेडडब्ल्यूजे (२००डी) आणि य.

डेटाबेसमध्ये नुसता साधा र, हलन्त आणि य सापडले, तर छपाईने बरोबरच काम केलं, कारण त्या तिघांचा 'र्य'च होतो. मग पाहायचं की टाइप करणाऱ्याने काय दाबलं. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर र 'जे'च्या कळीवर आहे आणि ऱ शिफ्ट धरून त्याच कळीवर, त्यामुळे शिफ्ट राहून जाणं सोपं. टायपिंग ठीक असेल आणि झेडडब्ल्यूजे मधेच गायब झाला असेल, तर फॉर्मच्या कोडमध्ये 'न दिसणारी अक्षरं काढून टाका' असं फंक्शन बसलेलं असणार. तेव्हा बग फॉर्मवाल्याच्या नावावर. मजकूर शाबूत असून कागदावरच बिघडत असेल, तर फॉन्ट बदलून पाहायचा. दुसऱ्या फॉन्टमध्ये नीट आलं तर दोष बहुधा फॉन्टचा, सगळ्याच फॉन्टमध्ये बिघडलं तर अक्षरं जुळवणाऱ्या इंजिनचा.

इथे बग आपल्या कॉलेजबाहेर जातो. रेड हॅटने २००४ मध्ये खुले केलेले लोहित फॉन्ट असोत की आज फायरफॉक्स, क्रोम आणि लिबरऑफिस तिन्ही वापरतात ते हार्फबझ इंजिन, त्यांचे ट्रॅकर उघडे आहेत, तिथे कुणालाही नोंद करता येते. तिथे एका माणसाने एकदा दुरुस्ती केली की ती हजारो गावांतल्या पडद्यांवर पोचते. पण म्हणून आपल्या ट्रॅकरमधला बग बंद करायचा नाही. तिकडच्या नोंदीवर लक्ष ठेवणारा एक जण इकडे नावानिशी राहिला पाहिजे.

प्रत्येक बदलासोबत एक ओळ लिहायची, "डेटाबेसमध्ये २००डी नाही, सेव्ह करण्याआधी आहे, म्हणून फॉर्मकडे." ही ओळ नसेल तर नाव बदलणं म्हणजे नुसती टोलवाटोलवी. पुढच्याला पुन्हा श्रीगणेशापासून सुरुवात करावी लागते.

काही जण यासाठी थेट 'गिट ब्लेम' चालवतात आणि त्या ओळीला शेवटचा हात लावणाऱ्याच्या गळ्यात बग मारतात. त्याने कदाचित नुसत्या स्पेस नीट केलेल्या असतात. विचारपूस करायला ते नाव चांगलं, पण निवाडा म्हणून नको.

नावानुसार यादी काढणं मात्र फार उपयोगाचं. बगझिलात 'माय बग्ज' ही लिंक त्यासाठीच असते. एकाच्या नावावर तीस आणि दुसऱ्याच्या नावावर दोन दिसले, तर तीसवाला आळशी असेलच असं नाही. बहुधा तोच सगळ्यात जास्त उचलतो. गाइड सरांनी या यादीवरून इंटर्नल मार्क द्यायला घेतले, तर पुढच्या आठवड्यात एकही बग नोंदवला जाणार नाही, हे मी लिहून देतो. नुसता पडून राहिलेला बग शोधायला बगझिलात वेगळी सोय आहे : नव्या बगला ठरावीक दिवस, मुळात सात, कुणी हात लावला नाही तर असाइनीला कुरकुरीचं मेल जातं.

गिटहबने २०१६ पासून एका इश्यूला दहापर्यंत असाइनी लावायची मुभा दिली. आपल्या चौघांच्या ग्रुपने तिच्या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे. सामाईक बांधाचं काय होतं ते घरी विचारा.

राहिला मे महिना. सीनियर पुण्या-हैदराबादला जातात, प्रोजेक्ट ज्युनियरकडे येतो आणि ट्रॅकरमध्ये बग त्यांच्याच नावावर पडून राहतात. यादी पाहणाऱ्याला वाटतं, कुणीतरी बघतंय. म्हणून व्हायवा झाला की आपल्या नावाची यादी काढायची. जो बग ज्युनियर घ्यायला तयार आहे तो, त्याला विचारून, त्याच्या नावावर करायचा. जो कुणीच घेत नाही तो 'नोबडी'वर टाकायचा, आणि कुठपर्यंत तपासलं ते त्याच्याखाली लिहायचं.