यंत्र वाहणारी ट्रॉली: हंगामाआधी पारखून घ्या

दसरा जवळ आला की देवरी तालुक्यात हलक्या धानाच्या लोंब्या झुकू लागतात. दिवाळीपर्यंत मध्यम आणि पुढे अगहनापर्यंत भारी धान कापणीला येते. याच दिवसांत चिचगड, ककोडी, पुराडा या भागांतले रस्ते वेगळ्याच वाहतुकीने भरून जातात. कुणाच्या ट्रॉलीत रीपर, कुणाच्या ट्रॉलीत मळणीयंत्र, कुठे पॉवर टिलर तर कुठे मिनी ट्रॅक्टर दोरखंडाने आवळून चाललेला. मजूर मिळेनासे झाल्यावर छोटी यंत्रे आली, आणि ती एकट्याला परवडत नाहीत म्हणून गावोगाव भाड्याने फिरू लागली. यंत्र घेताना शेतकरी दहा ठिकाणी चौकशी करतो. ते ज्या ट्रॉलीत चढवायचे ती ट्रॉली मात्र बहुतेक वेळा गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून लांबी-रुंदी सांगून बनवली जाते. खरी चौकशी तिथेच व्हायला हवी.

अमेरिकेत आणि युरोपात शेतावर फिरायला चार चाकांची छोटी एटीव्ही वाहने असतात. ती एका शेतावरून दुसऱ्या शेतावर न्यायला तिथे खास ट्रेलर मिळतात, ठेंगणे, उतरत्या फळीचे आणि बांधायला जागोजाग कड्या असलेले. देवरीच्या शेतकऱ्याकडे एटीव्ही नाही, पण त्याची गरज तीच आहे. चारशे किलोचे यंत्र उचलून ठेवता येत नाही, ते चालवतच चढवावे लागते.

आधी वजन. तेरा अश्वशक्तीच्या आसपासचा पॉवर टिलर रोटरीसकट चारशे ते पाचशे किलो भरतो. मागे चालत वापरायचे चार ओळींचे रोवणी यंत्र दीडशे ते दोनशे किलोचे असते. पंधरा ते वीस अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर आठशे ते हजार किलोचा. एवढ्यासाठी दहा फूट लांब आणि सहा फूट रुंद डाल्याची दोनचाकी ट्रॉली पुरते. पट्ट्याच्या चाकांचे हार्वेस्टर, ज्याला लोक चेन हार्वेस्टर म्हणतात, ते मात्र अडीच-तीन टनांच्या घरात जाते. त्याला ट्रक किंवा त्यासाठीच बनवलेला ठेंगणा ट्रेलरच हवा. शेतीच्या ट्रॉलीत ते कोंबण्याचा मोह कुणीही धरू नये. डाला वजन पेलेलही, पण एवढ्या उंचीवर एवढे वजन गेले की वळणावर ट्रॉली कलंडते.

दोन चाकी की चार चाकी हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो. दोनचाकी ट्रॉलीचा काही भार हूकवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर येतो. त्यामुळे ओल्या बांधीतून बाहेर पडताना चाकांना पकड मिळते, आणि अरुंद पांदणीत ती मागे घेणेही सोपे जाते. चारचाकी ट्रॉली आपला भार आपणच उचलते, माल जास्त नेते, पण मागे घ्यायला कठीण. घरचे धान केंद्रावर न्यायचे असेल आणि ट्रॅक्टर दमदार असेल तर चारचाकी घ्यावी. ज्याला मुख्यतः यंत्र फिरवायचे आहे त्याच्यासाठी दोनचाकीच बरी. एकाच ट्रॉलीत दोन्ही कामे करायची असतील तर तिन्ही बाजूंचे फाळके उघडणारे असावेत.

धानाच्या वजनाचा हिशेबही येथेच करून ठेवावा. देवरी भागात आधारभूत खरेदीचे मोठे काम आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रांवर चालते, आणि कट्टा भरतो चाळीस किलोचा. शंभर कट्टे म्हणजे चार टन. २०२५-२६ च्या खरिपासाठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २३६९ रुपये ठरला, म्हणजे त्या एका खेपेत चौऱ्याण्णव हजार सातशे साठ रुपयांचा माल असतो. वर ट्रॉलीचे स्वतःचे टनभर वजन. पुढे ओढणारा चाळीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर मात्र जेमतेम दोन टनांचा. चढावर तो ओढून नेईलही, पण उतारावर मागचे पाच टन त्यालाच ढकलू लागतात.

देवरीहून साकोलीकडे जाताना राष्ट्रीय महामार्ग ५३ वर मासुलकसा घाट लागतो. सुरत ते पारादीप या पट्ट्यातली अवजड वाहतूक याच महामार्गाने धावते. अशा रस्त्यावर बिनब्रेकची ट्रॉली नेणे म्हणजे आपला जीव दुसऱ्याच्या हाती देणे. म्हणून चारचाकी ट्रॉली घेताना ब्रेक आहेत का हे सर्वांत आधी विचारावे, रंग आणि नक्षी नंतर. जो बनवणारा ब्रेकचे नाव काढताच विषय बदलतो, त्याच्याकडून ट्रॉली घेऊ नये. चालवणाऱ्याने एक गोष्ट आपणहून बघायची असते. चिखलणी करताना वळण घ्यायला ट्रॅक्टरचे डावे-उजवे ब्रेक सुटे केलेले असतात. डांबरी रस्त्यावर येण्याआधी दोन्ही पॅडल पट्टीने जोडलेच पाहिजेत. ते सुटे राहिले आणि घाईत एकच दाबले गेले, तर ट्रॅक्टर जागच्या जागी वळतो आणि ट्रॉली त्याच्यावर येते. उतार ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरावा, डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नये.

आता यंत्र चढवण्याचे काम. इथे सर्वांत जास्त दुखापती टाळता येण्यासारख्या असतात, म्हणून थोडे सविस्तर. साध्या ट्रॉलीचा तळ जमिनीपासून तीन फुटांवर असतो. त्याला सहा फुटांच्या फळ्या लावल्या तर चढ तीस अंशांचा होतो आणि पॉवर टिलर मागे उलटू पाहतो. फळी उंचीच्या चौपट, म्हणजे बारा फुटांची असेल तर चढ पंधरा अंशांच्या आत येतो. ट्रॉली नवी बनवत असाल तर तळ अडीच फुटांवर ठेवायला सांगा, मग दहा फुटांच्या फळ्यांत काम होते. फळ्या लोखंडी चॅनलच्या असाव्यात, त्यांवर आडव्या पट्ट्या वेल्ड केलेल्या असाव्यात आणि वरच्या टोकाला डाल्यात अडकणारा आकडा असावा. नुसती टेकवलेली फळी चाक चढताच मागे सरकते. चाकांचा चिखल खरवडून काढल्याशिवाय यंत्र फळीवर घालू नये.

पॉवर टिलर पुढच्या गिअरमध्ये चढवायचा आणि रिव्हर्समध्ये उतरवायचा, दोन्ही वेळा सर्वांत कमी वेगात. फळीवर असताना वळणाच्या क्लचला अजिबात हात लावायचा नाही. सपाटीवर डावा क्लच दाबला की यंत्र डावीकडे वळते. उतारावर मात्र सुटे झालेले चाक जास्त वेगाने घरंगळते आणि यंत्र उलट बाजूला जाते. बारा फुटांच्या फळीवर ही चूक सावरायला वेळ मिळत नाही. दिशा जमिनीवरच सरळ करून घ्यावी, चुकली तर खाली उतरून पुन्हा सुरुवात करावी.

दोनचाकी ट्रॉली चढवताना ट्रॅक्टरला जोडलेलीच हवी. सोडलेल्या ट्रॉलीच्या मागच्या टोकावर यंत्राचे वजन आले की दांडा वर उसळतो. मागच्या बाजूला टेकण लावले तर उत्तमच. यंत्र वर आल्यावर ते कुठे उभे करायचे? बाहेरच्या देशांत छोट्या ट्रेलरसाठी एक जुना हिशेब पाळतात, एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार जोडावर यावा. आपल्याकडे तराजू नसला तरी तत्त्व तेच, जड भाग एक्सलच्या किंचित पुढे. पॉवर टिलरचे इंजिन पुढच्या टोकाला असते, त्यामुळे तो सरळ चढवला की वजन आपोआप हूककडे जाते. फार पुढे रेटला तर ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होऊन स्टेअरिंग ऐकत नाही. फार मागे राहिला तर दांडा वर ओढला जातो आणि ट्रॉली डोलू लागते. नंतर चारही कोपऱ्यांतून, यंत्राच्या चौकटीला धरून, साखळी किंवा रॅचेटचे पट्टे आवळावेत. हँडलला बांधलेला दोर ढिला होतोच. केजव्हील लावलेले यंत्र डांबरी रस्त्यावर चालवले तर रस्ता आणि चाक दोन्ही जातात, म्हणून केजव्हील काढून यंत्राशेजारीच ठेवावीत आणि तीही बांधावीत.

कागदपत्रांकडे दुर्लक्ष होते. ट्रॉलीची नोंदणी आणि विमा ट्रॅक्टरपेक्षा वेगळा करावा लागतो, हे घेतानाच पैशांत धरावे. मागे लाल दिवे, रिफ्लेक्टर आणि चमकणारी पट्टी हवीच, कारण धानाची ट्रॉली अंधार पडल्यावरच जास्त फिरते. बचत गटांनी एक लक्षात ठेवावे. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या स्वयंसहाय्यता बचत गटांसाठी समाजकल्याण खात्याची जी मिनी ट्रॅक्टर योजना आहे, तिच्यात ९ ते १८ अश्वशक्तीच्या मिनी ट्रॅक्टरबरोबर कल्टिव्हेटर किंवा रोटाव्हेटर आणि ट्रेलरही ९० टक्के अनुदानात येतो. साडेतीन लाखांच्या मर्यादेत तीन लाख पंधरा हजारांपर्यंत अनुदान मिळू शकते. अर्ज करताना ट्रेलरचा ब्रेक आणि तळाची उंची कोटेशनमध्येच लिहून घ्यावी.

एक गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी कमीच आहे. यंत्राबरोबर ट्रॉलीत माणसे बसवू नका. ४ एप्रिल २०२५ ला नांदेड जिल्ह्यातल्या आलेगाव शिवारात मजुरांना घेऊन निघालेला ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत कोसळला आणि हिंगोली जिल्ह्यातल्या गुंज गावच्या सात महिला गेल्या. देवरीतही कापणीच्या दिवसांत बाया पहाटे ट्रॉलीत बसूनच शेतावर जातात. पट्टा तुटून पाचशे किलोचा टिलर सरकला तर डाल्यात पळायला जागा नसते.

ज्यांची ट्रॉली जुनी आहे त्यांनी नवी घेण्याची घाई करू नये. कापणी सुरू होण्याआधी एका दिवसात हूकची पिन, दांड्याचे वेल्डिंग, पाटे, टायर आणि फाळक्यांच्या कड्या तपासून घ्या, फळ्यांना आकडे बसवा, मागे लाल पट्टी चिकटवा. पिन झिजलेली दिसली तर त्याच दिवशी बदला.