कुत्रा देऊन टाकायची घाई नको गं

अगं, तेराव्याला आलेल्यांपैकी निदान दोघा-तिघांनी तुला विचारलंच असेल, "आता या कुत्र्याचं काय करणार?" कुणी ओळखीतलं फार्महाऊस सुचवलं असेल, कुणी म्हणालं असेल, एकट्या बाईला हा व्याप कशाला. माणसं वाईट नसतात गं, तुझ्या काळजीपोटीच बोलतात. पण खरं सांगू का, नवरा गेल्यावर घर विकायची घाई करू नकोस, दागिने वाटून टाकू नकोस, हे जसं सगळे सांगतात ना, तसंच मी तुला हे एक सांगते: कुत्रा देऊन टाकू नकोस. निदान वर्षश्राद्ध होईपर्यंत थांब.

मी हे स्वतःच्या अनुभवानं सांगतेय. आमचे हे गेले तेव्हा घरात दोन कुत्री होती. राजा लॅब्राडोर, ह्यांनी हौसेनं आणलेला. चिंगी आपली गावठी, एका पावसाळ्यात जिन्याखाली येऊन बसली आणि घरचीच झाली. त्या दोघांनी माझं दुःख कमी केलं, असं मी म्हणणार नाही. ते इतक्या लवकर कमी होतच नाही. पण सकाळी उठायचं कशासाठी, हा प्रश्न त्यांनी मला पडू दिला नाही. उजाडलं की राजाचं ओलं, गार नाक हातावर टेकायचं. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नसेल, तरी त्याला खाली न्यायलाच लागायचं.

बघ, माणूस गेलं की दिवसाची घडीच विस्कटते. डबा कुणाचा करायचा, चहाला आधण किती ठेवायचं, जेवायला किती वाजता बसायचं, कशालाच अर्थ उरत नाही. कुत्र्याचं वेळापत्रक मात्र तसंच चालू असतं. सकाळचं फिरणं, खाणं, दुपारची झोप, संध्याकाळचं फिरणं, रात्रीचं खाणं. तुला दुसरं काही सुचत नसेल तर आत्ता एवढंच कर. त्याच्या वेळेला तुझी वेळ बांधून घे. त्याच्या भांड्यात वाढलंस की स्वतःचंही ताट वाढून घ्यायचं. त्याला फिरवून आणलंस की मग चहा. हे नियम फार साधे आहेत, पण वाईटातल्या वाईट दिवशीही पाळता येतात.

आणि फिरायला तूच जा हं. पहिल्या महिन्यांत बाईनं उंबऱ्याबाहेर पडलं की लोक काय म्हणतील, ही भीती आपल्याकडे अजून आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं २०२२ साली विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्यानंतर राज्य सरकारनंही परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलं. पण शेजारपाजारच्या नजरा परिपत्रकानं बदलत नाहीत. हातात पट्टा असला ना, की "कुठे निघालीस?" असं कुणी विचारत नाही. उत्तर शेपूट हलवत पुढे चाललेलं असतं. शिवाय तुझ्याशी काय बोलावं हे ज्यांना समजत नाही, ते आधी कुत्र्याशी बोलतात. त्याच्या मानेवरून हात फिरवतात, आणि मग हळूच तुला विचारतात, "जेवलीस का गं?" माझ्याशी पहिल्यांदा मोकळेपणानं बोलली ती खालच्या बाकावर बसणारी एक आजी. तिला माझं नाव माहीत नव्हतं, चिंगीचं माहीत होतं.

आता तुझ्या कुत्र्याकडे बघ. त्याचंही माणूस गेलंय. संध्याकाळी तुझ्या नवऱ्याची यायची वेळ झाली की हा दाराशी जाऊन बसतो. जिन्यात पाऊल वाजलं की कान टवकारतो, लिफ्टचं दार उघडलं की उठून उभा राहतो. दुसराच कुणी बाहेर पडला की पुन्हा फरशीवर अंग टाकतो आणि हनुवटी पंजांवर ठेवतो. ते बघून तुझ्या काळजाचं पाणी होत असणार. त्याला रागावू नकोस, ओढून आतही आणू नकोस. नेमक्या त्याच वेळेला पट्टा काढ आणि त्याला खाली ने. त्या घटकेला रोज काहीतरी चांगलं घडायला लागलं की त्याची घालमेल हळूहळू कमी होते, आणि तुझीही. नवऱ्याचे सगळे कपडे एकदम धुऊ नकोस, वाटूनही टाकू नकोस. अंगातला एखादा सदरा कुत्र्याच्या गादीवर राहू दे. कुत्र्याला माणसाची ओळख आधी वासानं असते. त्या सदऱ्यावर डोकं ठेवून तो झोपला तर झोपू दे.

पण एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघ. तो खात नाही, पडून राहतो, हे सगळं दुःखामुळेच आहे असं धरून चालू नकोस. गोचीड तापातही कुत्रा असाच मलूल होतो आणि अन्नाला तोंड लावत नाही. दिवसभर काहीच खाल्लं नाही, हिरड्या पांढुरक्या दिसल्या किंवा अंग तापलं, तर सरळ डॉक्टरांकडे ने. तुला एकटीला जाववत नसेल तर कुणाला तरी सोबत घे. "काही मदत लागली तर सांग" म्हणणारे पुष्कळ आहेत ना? त्यांना हेच काम सांग. लोकांना काम सांगितलं की बरं वाटतं गं.

घरात माणसांची ये-जा आहे तोवर त्याच्या खाण्यावरही लक्ष ठेव. दुःखाच्या घरात लोक डबे, लाडू, खाऊ घेऊन येतात आणि मायेनं कुत्र्यालाही भरवतात. बेसनाच्या लाडवातला बेदाणा, खिरीतले मनुके, मुलांसाठी आणलेलं चॉकलेट हे सगळं कुत्र्याला विषासारखं आहे. द्राक्षं आणि मनुक्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. कांदा-लसूण घातलेली भाजी किंवा रस्साही नको, आणि शिजवलेली हाडं तर मुळीच नकोत. त्यांच्या अणकुचीदार कपच्या होतात आणि आतडं फाडतात. स्वयंपाकघराच्या दाराला एक कागद चिकटवून टाक, "याला काही घालू नये, विचारावे." कुणाला राग आला तर येऊ दे.

तू रडतेस तेव्हा तो जवळ येऊन बसतो, हा काही तुझा भास नाही. २०१२ साली लंडनमधल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी १८ कुत्र्यांवर प्रयोग केला होता. समोरचं माणूस बोलत होतं, गुणगुणत होतं, मग रडायचं सोंग करत होतं. बहुतेक कुत्री रडणाऱ्या माणसाजवळ गेली, ते माणूस परकं असलं तरीही. त्यांना दुःख समजतं की नाही हे कोण सांगणार, पण ती जवळ येतात एवढं नक्की. माणसांसमोर आपण रडू आवरतो. मुलांना त्रास होईल, सासूबाईंना सहन होणार नाही, म्हणून पदर तोंडाशी धरतो. कुत्र्यासमोर तुला तोंड लपवायला नको. तो "सावर स्वतःला" म्हणत नाही, "देवाची मर्जी" म्हणत नाही. रात्री त्याला तुझ्या खोलीत झोपू दे, पलंगावर आला तरी येऊ दे. अंधारात दुसऱ्या कुणाचा तरी श्वास ऐकू येणं ही किती मोठी गोष्ट आहे, ते आपल्यासारख्यांनाच ठाऊक.

स्वीडनमध्ये ३४ लाखांहून अधिक लोकांच्या बारा वर्षांच्या नोंदी तपासून २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकट्या राहणाऱ्या माणसांपैकी ज्यांच्याकडे कुत्रा होता, त्यांच्यात मृत्यूचा धोका ३३ टक्क्यांनी कमी दिसला. हे कुत्र्यामुळेच घडलं, असं त्यावरून सिद्ध होत नाही. मुळात धडधाकट असलेली माणसंच कुत्रा पाळत असतील, असंही असू शकतं. पण रोजचं चालणं आणि दोन माणसांशी बोलणं कुणाला वाईट ठरलंय?

आता कागदपत्रांचं बघू. तुझ्यापुढे बँक, विमा, सातबारा असा ढीग पडला असेल, त्यातच हेही उरकून घे. कुत्र्याचं लसीकरणाचं कार्ड शोध. रेबीजचं इंजेक्शन दरवर्षी लागतं, आणि पावसाळ्यात उंदरांच्या मुतानं लेप्टो पसरतो म्हणून त्याचीही लस झालीय का ते बघ. पालिकेचा परवाना आणि डॉक्टरांकडची फाईल नवऱ्याच्या नावावर असेल तर तुझ्या नावावर करून घे. सोसायटीतल्या कुणी "आता कुत्रा काढा" म्हटलं तर घाबरू नकोस. भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्वच्छ लिहिलंय की सोसायटीला बहुमतानंही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. आपल्या बाजूनं आपण नीट वागायचं. बाहेर नेताना पट्टा घालायचा, आणि घाण केली तर उचलायची.

कुत्रा दांडगा असेल आणि तुला ओढून नेत असेल, तर गळपट्ट्याऐवजी छातीवरून बांधायचा हार्नेस आण. संध्याकाळच्या फेरीसाठी कुत्री फिरवणारा एखादा मुलगा ठेव. पैशाची ओढाताण असेल तर आयता महागडा खाऊ बंद करून डॉक्टरांना विचारून घरचं सुरू कर. भात, उकडलेली कोंबडी, अंडं, थोडा लाल भोपळा. मीठ-मसाला नको. पोट बिघडू नये म्हणून बदल आठवडाभरात हळूहळू कर.

सासूबाई म्हणत असतील, "घरात देव आहेत, कुत्र्याचा विटाळ नको." त्यांच्याशी वाद घालू नकोस. दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात आणि खंडोबाबरोबरही कुत्रा असतो, एवढं शांतपणे सांग. आणि खरं म्हणजे त्यांच्या हातानंच त्याला पोळीचा तुकडा घालायला लाव. मुलगा गेलेल्या आईलाही जवळ येऊन बसणारं कुणीतरी हवंच असतं.

पहिली दिवाळी जड जाते. घरात आकाशकंदील नसतो, फराळ शेजारून येतो, आणि बाहेर फटाके वाजत असतात. तेव्हा तुझ्या कुत्र्याला तुझी खरी गरज असते. आतल्या खोलीत खिडक्या बंद कर, पंखा नि रेडिओ लाव, त्याला कुशीत घेऊन बस. फटाके सुरू होण्याआधीच त्याला फिरवून आण. फारच थरथरत असेल तर औषधाचं डॉक्टरांना आठवडाभर आधीच विचारून ठेव. दुसऱ्या कुणाला तरी धीर देताना आपलाही वेळ निघून जातो बघ.

आता जे बोलायला कठीण, तेही बोलून टाकते. कधीकधी खरंच जमत नाही. तब्येत साथ देत नाही, मुलाकडे परदेशी जावं लागतं. तसं झालं तर मनाला लावून घेऊ नकोस. ओळखीतलं घर शोध, त्याच्या सवयी लिहून दे, सदरा बरोबर दे, आणि आधी आठ-पंधरा दिवस राहून बघू दे. फक्त रस्त्यावर सोडू नकोस. पाळलेलं जनावर उपाशी मरायला सोडून देणं हा १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि तुझ्या जिवालाही ते पेलणार नाही. दुसरं म्हणजे, नवऱ्यानं आणलेला हा कुत्राही एक दिवस जाईल. तेव्हा जुनी जखम पुन्हा उघडेल, हे आत्ताच मनाशी धरून ठेव. आमचा राजा गेला तेव्हा मी ह्यांच्यासाठीही पुन्हा नव्यानं रडले. पण त्या रडण्यात पहिल्यासारखं हरवून गेल्यासारखं वाटलं नाही. तोवर माझी मी चालायला लागले होते.

घरात कुत्रा नसेल आणि आता एखादा आणावा असं वाटत असेल, तर पिल्लू लगेच आणू नकोस. पिल्लू रात्री झोपू देत नाही, घरभर घाण करतं, आणि पुढची दहा-बारा वर्षं तुझ्यावर असतं. वर्षभरानं वाटलंच तर आसऱ्यातला एखादा शांत, मोठा, आपला गावठी कुत्रा बघ.

आणि शेवटचं. कुत्रा सोबत करतो, पण सगळं त्याच्या अंगावर टाकू नकोस. खाणंपिणं सुटलं, जगणं नकोसं वाटायला लागलं, तर अंगावर काढू नकोस. सरकारच्या टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं. कुत्र्याला बरं नसलं की तू त्याला डॉक्टरांकडे नेतेस ना? मग स्वतःलाही ने.

तुला हे जमेल, याची मला खात्री आहे. पाहुणे, कागद, मुलं, सासूबाई, सगळं तू आत्ताही सांभाळतेच आहेस. तेव्हा कुत्र्याचा निर्णय वर्षभर पुढे ढकल. उद्या सकाळी त्याला घेऊन खाली उतर, एक चक्कर मार, आणि वर आल्यावर दोघंही पोटभर खा.