शंका-समाधान : अंतराळातला लांबचा मुक्काम

शंका : अंतराळस्थानकात गुरुत्वाकर्षण नसते म्हणून माणूस तरंगतो, असे मी वर्गात शिकवते. हाडेही त्यामुळेच झिजतात ना? (एक शिक्षिका, सांगली)

समाधान : बाई, पहिले वाक्य तेवढे बदला. स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटरवर फिरते. तिथे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळजवळ ९० टक्के असते. पण स्थानक आणि आतली माणसे पृथ्वीभोवती सतत एकत्रच पडत असतात, म्हणून वजन जाणवत नाही. हाडांचे गणित इथेच बिघडते. हाड पडेल त्या भाराप्रमाणे घडत राहते. भारच नसला की शरीर त्यातले कॅल्शियम लघवीवाटे टाकू लागते. व्यायाम न केल्यास कंबर आणि मांडीची हाडे महिन्याला एक ते दीड टक्का घटतात. शरीराच्या हिशेबी हा आजार नव्हेच, फुकटचा खर्च ते बंद करते, इतकेच. पंचाईत होते ती परतल्यावर.

शंका : सर्वांत जास्त काळ राहण्याचा विक्रम सुनीता विल्यम्स यांचाच ना? (एक विद्यार्थी, परभणी)

समाधान : नाही. २०२४-२५ मधला त्यांचा गाजलेला मुक्काम २८६ दिवसांचा. स्त्रियांमध्येही क्रिस्टिना कॉक ३२८ दिवस राहून आल्या आहेत. एका दमात सर्वाधिक राहिले ते रशियाचे व्हॅलेरी पॉल्याकोव. ८ जानेवारी १९९४ रोजी ते ‘मीर’ स्थानकाकडे निघाले आणि २२ मार्च १९९५ रोजी, ४३७ दिवसांनी, उतरले. पेशाने डॉक्टर असलेल्या या गृहस्थांनी स्वतःलाच प्रयोगाला लावले होते. मंगळापर्यंत पोचलेला माणूस तिथे कामाच्या लायकीचा उरेल का, हा प्रश्न होता. कझाकस्तानात उतरल्यावर यानापासून खुर्चीपर्यंतचे थोडे अंतर ते चालत गेले. दिवसांच्या आकड्यापेक्षा मला ती चार पावले मोठी वाटतात, कारण त्यांच्यामागे वर्षाहून अधिक काळ नेटाने केलेला व्यायाम होता. त्यांच्या मनाच्याही चाचण्या झाल्या. पहिले तीन आठवडे आणि परतल्यानंतरचा पंधरवडा जड गेला, मधला काळ बराच स्थिर होता.

शंका : तिथे कपडे कसे धुतात? (एक वाचक, चिपळूण)

समाधान : धुतच नाहीत. मळले की मालवाहू यानात कचऱ्यासोबत भरतात आणि ते यान वातावरणात जळून जाते.

शंका : अंतराळवीर हाडांसाठी काही औषध घेतात का? आईला हाडांच्या ठिसूळपणाचा त्रास आहे. (एक वाचक, नाशिक)

समाधान : घेऊन पाहिले आहे. आपल्याकडे याच त्रासावर आठवड्यातून एकदा दिली जाणारी अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी काही अंतराळवीरांना व्यायामाच्या जोडीने दिली, तेव्हा त्यांच्या हाडांची झीज बरीच रोखली गेली. व्यायामासाठी तिथे डंबेल कुचकामी, त्यांना वजनच नाही! म्हणून निर्वात नळकांड्यांच्या ओढीवर चालणारे यंत्र वापरतात. आईंना मात्र ही गोळी परस्पर सुरू करू नका. अन्ननलिकेचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर ती चालत नाही. आधी हाडांची घनता मोजून घ्या आणि तो अहवाल घेऊन डॉक्टरांकडे जा.