नेटिव्ह ॲप : फायदे आणि तोटे

दिवाळीच्या सुट्टीत मी तंजावूरला घरी गेलो होतो. आमच्या घरात मराठी बोलतात, पण आजोबा लिहितात-वाचतात ते तमिळ. त्यांच्या पेटीत मोडी लिपीतला एक जुना कागद आहे. तो आमच्यापैकी कोणालाच वाचता येत नाही. गावातल्या सरस्वती महाल ग्रंथालयात तर मोडी कागदांचे गठ्ठेच्या गठ्ठे आहेत. म्हणून मी मोडी अक्षरे गिरवायला शिकवणारे छोटे ॲप करायचे ठरवले. पहिलाच प्रश्न पडला : ॲप नेटिव्ह करावे का?

नेटिव्ह ॲप म्हणजे एकाच प्रकारच्या फोनसाठी, त्याच्याच साधनांनी बनवलेले ॲप. अँड्रॉइडसाठी ते बहुधा कोटलिन भाषेत लिहितात, आयफोनसाठी स्विफ्टमध्ये. दुसरा मार्ग फ्लटरसारख्या साधनांचा. त्यात एकदा लिहिलेला बराचसा कोड दोन्हीकडे चालतो.

फायदे

१. वेग : मोडीत आधी रेघ ओढतात आणि मग हात फारसा न उचलता अक्षरे लिहितात. बोट फिरेल तशी रेघ लगेच उमटली पाहिजे. नेटिव्ह ॲप फोनशी थेट बोलते, म्हणून असे काम चांगले होते. साध्या ॲपमध्ये मात्र हा फरक जाणवतही नाही.

२. आकार : फ्लटरच्या ॲपला आपले इंजिन सोबत न्यावे लागते, त्यामुळे छोटे ॲपही काही एमबींनी फुगते. आजोबांच्या जुन्या फोनमध्ये जागा थोडीच आहे.

३. नव्या सोयी : फोनच्या प्रणालीत नवी सोय आली की ती लगेच वापरता येते.

तोटे

१. दुप्पट काम : दोन्ही फोनांसाठी दोनदा लिहा, दोनदा तपासा. एक चूक सापडली तर दोन ठिकाणी दुरुस्ती.

२. दोन भाषा : एकट्या विद्यार्थ्याला दोन्ही शिकायला वेळ कुठे?

काही अडचणी मात्र दोन्ही मार्गांत सारख्याच आहेत. आयफोनचे ॲप तयार करायला मॅक संगणक लागतो आणि ॲपलला दरवर्षी ९९ डॉलर भरावे लागतात. गुगल एकदाच २५ डॉलर घेते. मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली जागा मिळाली, तरी प्रत्येक फोनवर ती अक्षरे दिसतीलच असे नाही. म्हणून फॉन्ट ॲपमध्येच घालावा लागतो.

एअरबीएनबी या मोठ्या कंपनीने दोन्ही फोनांना चालणारा मार्ग काही वर्षे वापरला आणि २०१८ मध्ये नेटिव्हकडे परतण्याचे जाहीर केले. पण तिच्याकडे प्रत्येक फोनसाठी वेगळे अभियंते होते. माझ्याकडे होता अक्काचा विंडोज लॅपटॉप आणि तीन आठवडे.

मी फक्त अँड्रॉइडचे नेटिव्ह ॲप निवडले, कारण ते आधी आजोबांसाठी होते. चेन्नईच्या चुलतभावाकडे आयफोन आहे. तो रुसला, आणि त्याचे चूकही नाही. मित्रांनो, ॲप करण्याआधी ते कोणाच्या हातात जाणार हे लिहून काढा. निम्मा निर्णय तिथेच होतो.

सुट्टी संपेपर्यंत बारा अक्षरे झाली. आजोबांनी ती सगळी गिरवली आणि पेटीतला कागद काढून त्यात 'क' शोधला. बाकीची अक्षरे मे महिन्याच्या सुट्टीत.

– एक कॅडेट, इयत्ता दहावी