नदी आणि पाट: उत्क्रांतीस मार्गदर्शक शक्तीची गरज आहे काय?

इयत्ता दहावीच्या मुलांकरितां २०१८ सालीं निघालेल्या विज्ञानाच्या पुस्तकाच्या दुसऱ्या भागांत पहिलाच पाठ 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा आहे. साक्री तालुक्यांतील खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांत अशीं मुलें आहेत. तो पाठ वाचून तीं उपदेशकास विचारितात कीं, प्राणी व वनस्पती जर आपोआप बदलत आल्या, तर देवानें काय केलें? ह्या प्रश्नास बहुधा दोन उत्तरें मिळतात, आणि दोन्ही आम्हांस वाईट वाटतात. कोणी म्हणतो, 'परीक्षेपुरतें लिही, पण मानूं नको.' ह्यानें मूल खोटें लिहावयास शिकतें. दुसरा कोणी, बहुधा शहरांत शिकून आलेला, हंसून म्हणतो, 'तुझ्या आजीचा देव आतां शाळेंत चालत नाहीं.' ह्यानें मूल घराबाहेर पडतें. ह्यास्तव हा विषय आम्ही आज पाठासाठीं घेतला आहे.

येथें दोन प्रश्न एकांत एक गुंतलेले असतात, ते आधीं सोडविले पाहिजेत. सजीवांचीं रूपें पिढ्यानुपिढ्या बदलत आलीं काय, हा एक. आणि बदलत आलीं असल्यास त्यांस वाट दाखविणारा कोणी लागतो काय, हा दुसरा. पहिल्यावर आम्ही फार वेळ घालवीत नाहीं. साक्रीच्या भोंवतींचा काळा दगड हा सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटांतून वाहून आलेल्या तप्त रसाचा थिजलेला थर होय. भामेरचा किल्ला त्यावरच उभा आहे. ह्याच दगडाच्या थरांमध्यें, नागपूरच्या आसपास, जुन्या तळ्यांतील शिंपले, फळें व पानें दगड होऊन पडलेलीं आहेत. तीं गोळा करून जगापुढें मांडणाऱ्यांत अग्रेसर कोण होते, तर १८४५ सालीं नागपुरास आलेले स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी रेव्ह. स्टीफन हिस्लॉप व त्यांचे सहकारी रेव्ह. रॉबर्ट हंटर. हिस्लॉपसाहेब १८६३ सालीं ओढ्याच्या पुरांत बुडून वारले, तोंपर्यंत सुवार्ता व दगड हीं दोन्ही त्यांच्या झोळींत सुखानें नांदत होतीं. आज पृथ्वीवर नसलेले जीव पूर्वी होते, व आजचे जीव त्या वेळीं नव्हते, हें दगडच सांगतात. त्याविषयीं भांडणें व्यर्थ होय.

दुसरा प्रश्न खरा अवघड आहे. त्यास दूर जावयास नको. आपल्या कपाशीच्या शेतांतच तो उभा आहे.

बीटी कापसाच्या लागवडीस आपल्या देशांत २००२ सालीं परवानगी मिळाली. ह्या झाडांत मातींतील एका सूक्ष्म जंतूचा गुण घातलेला असतो. त्यामुळें झाडांत जें प्रथिन तयार होतें, तें बोंडअळीच्या आंतड्याच्या अस्तरास चिकटून त्यास छिद्रें पाडतें व अळी मरते. प्रथम अळ्या खरोखरच मेल्या. पुढें २०१० सालीं गुजरातच्या चार जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळीस हें विष लागत नाहीं, असें जाहीर झालें. आणि २००६ पासून दोन विषांचें नवें बियाणें आलेलें असतांही २०१७ च्या हंगामांत महाराष्ट्रांतील कपाशीचा तिनें फार मोठा नाश केला. हें कसें झालें? विष ज्या जागीं चिकटतें त्या जागेची घडण एखाद्याच अळींत जन्मतःच निराळी असते. विषानें तिला तसें शिकविलेलें नसतें. (१९४३ सालीं लुरिया व डेलब्रुक ह्यांनीं जंतूंवर केलेल्या प्रसिद्ध प्रयोगांत हेंच दिसून आलें कीं, असा फेर संकट येण्याच्या आधींच, संकटाशीं संबंध नसतां, पडलेला असतो.) बाकीच्या मेल्या, ही एक उरली; तिच्यासारख्याच उरलेल्यांशीं तिच्या पतंगाची जोडी जमली; आणि थोड्याच वर्षांत शेतेंच्या शेतें त्यांच्या संततीनें भरलीं.

ह्यांत योगायोग किती? फेर पडण्यांत योगायोग आहे. कोण उरावें ह्यांत मुळींच नाहीं. जे उपदेशक 'उत्क्रांति म्हणजे केवळ योगायोग' असें व्यासपीठावरून सांगतात, ते विज्ञानाचें म्हणणें अर्धेंच सांगतात. पण हेंही कबूल केलें पाहिजे कीं, ह्या सर्व घटनेंत बाहेरून कोणी येऊन अळीला हातीं धरून नेलें, असें कोठेंही आढळत नाहीं.

आतां जुना एक वाद सांगतों. चार्ल्स डार्विन ह्यांचा ग्रंथ १८५९ सालीं निघाला, तेव्हां अमेरिकेंत त्याची बाजू घेणारे पहिले मोठे विद्वान् वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे हे होत. ते भाविक प्रॉटेस्टंट ख्रिस्ती होते. त्यांनीं सुचविलें कीं, सजीवांत पडणारे फेर देवानें हितकर दिशेनें नेलेले मानावे, जसें पाणी पाटांनीं शेताकडे नेतात तसें. डार्विनसाहेबांनीं १८६८ च्या आपल्या ग्रंथाच्या शेवटीं ह्याच दृष्टांताचा उल्लेख करून नकार दिला. कड्यावरून पडलेल्या धोंड्यांतून गवंडी सोईचे निवडून घर बांधतो. म्हणून ते धोंडे त्या घरासाठींच तसे फुटले, असें म्हणतां येईल काय, असा त्यांचा प्रश्न होता.

पाटाचा दृष्टांत आमच्या वाचकांस ग्रेसाहेबांहून अधिक कळतो. पांझरेवर शेंकडों वर्षांची फड-बागायत आहे. बंधारा बांधावा, पाट काढावा, पाटकऱ्यानें पाळीपाळीनें फडास पाणी द्यावें, अशी ती रीत. परंतु पिंपळनेरकडून उतरून धुळ्यावरून तापीस मिळणाऱ्या खुद्द पांझरेला कोणी पाटकरी नाहीं. ती उतार पाहून जाते. पाटांतलें पाणीही उतारानेंच जातें, पण तेथें उतार माणसानें ठरविलेला असतो. बोंडअळीची हकीकत पाहतां उत्क्रांति ही पाटासारखी नसून नदीसारखी आहे, असें आम्हांस वाटतें. ग्रेसाहेबांची श्रद्धा आम्हांस प्रिय आहे, तरी ह्या एका मुद्द्यावर आम्ही डार्विनसाहेबांकडे आहों.

मग देवाचें काय? आमचें म्हणणें असें कीं, पाटकरी नाहीं म्हणून नदीचा धनी नाहीं, हें अनुमान चुकीचें आहे. पाण्यास उतरण्याचा धर्म कोणी दिला, उतार कां आहे, मुळांत कांहीं आहेच कां, हे प्रश्न विज्ञानाच्या तराजूंत बसत नाहींत. तो तराजू त्यासाठीं केलेलाच नाहीं. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायांत ११ वें व २४ वें वचन काढून पाहा. तेथें देव झाडें व जनावरें एकेक घडून भूमीवर ठेवीत नाहीं, तर भूमीनेंच तीं उपजवावीं अशी आज्ञा करितो. नीतिसूत्रांच्या १६ व्या अध्यायाचें शेवटचें वचनही पाहावें. पदरांत टाकलेल्या चिठ्ठीचा निकाल परमेश्वराकडून असतो असा त्याचा आशय आहे. पण तेथें चिठ्ठी चिठ्ठीच राहते. जें आपणांस अद्याप कळलें नाहीं तेवढ्याच खांचेंत जो देवास बसवितो, त्यास खांच बुजली कीं देव बाहेर काढावा लागतो.

नदी कोठेंही भरकटते असेंही नाहीं. आपल्या बांधावर दोन प्रकारचे निवडुंग असतात. त्रिधारी निवडुंग मोडला तर पांढरा चीक गळतो. फड्या निवडुंगास तसा चीक नाहीं. पहिला एरंडाच्या कुळांतला व ह्या बाजूचा. दुसरा मूळचा अमेरिकेचा, अगदीं निराळ्या कुळांतला. दोघांनींही रखरखीत जमिनींत पानें टाकून जाड हिरवें खोड व कांटे धारण केले, व भोळ्या मराठी माणसानें दोघांस एकच नांव दिलें. केंब्रिजचे ख्रिस्ती शास्त्रज्ञ सायमन कॉनवे मॉरिस अशा दाखल्यांवरून म्हणतात कीं, जीवसृष्टीच्या वाटा पुष्कळशा ठरल्यासारख्या आहेत. स्टीफन जे गूल्ड ह्यांनीं १९८९ सालीं ह्याच्या उलट लिहिलें होतें. वाद चालू आहे. निवडुंगावरून देव सिद्ध होतो असें आम्ही म्हणत नाहीं.

आतां ज्या कांट्यास पुष्कळ लेखक हात लावीत नाहींत, त्याकडे येऊं. प्रत्येक फेर देवानें मुद्दाम घडविला असें म्हणाल, तर गुलाबी बोंडअळीचा फेरही त्यांत आला. ज्याचें पीक गेलें व कर्ज राहिलें, त्याच्या दारीं जाऊन उपदेशक हें बोलूं शकेल काय? आम्ही तरी बोलणार नाहीं. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसें मेलीं, तेव्हां तीं इतरांहून अधिक पापी होतीं काय, असा प्रश्न प्रभूनें स्वतःच केला व नाहीं असें उत्तर दिलें (लूक १३). सृष्टि अद्याप कण्हत आहे असें पौल रोमकरांस लिहितो. ईयोबाचा ३९ वा अध्याय वाचावा: तेथें देव दुःखितास कारण सांगत नाहीं, रानगाढव, शहामृग, गरुड असे मनुष्याच्या उपयोगाचे नसलेले जीव दाखवितो. ह्यानें सर्व शंका फिटते असें नाहीं, आमचीही फिटलेली नाहीं.

एक गोष्ट मात्र अशी आहे कीं, बोंडअळीच्या उत्क्रांतींत एक मार्गदर्शक होता, आणि तो आपणच. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पुडीबरोबर १२० ग्रॅमची साध्या बियाण्याची पुडी मिळे. शेतासभोंवतीं ती पेरावी असा नियम होता. साध्या झाडांवर विष लागणाऱ्या अळ्या जगाव्या, त्यांच्या पतंगांशीं न मरणाऱ्यांचा संकर व्हावा, व त्यांची संतति पुन्हां विषानें मरावी, असा त्यांतला हेतु. पुष्कळांनीं ती पुडी फेंकून दिली. कपाशी उन्हाळ्यापर्यंत शेतांत ठेविली, त्यामुळें अळीस आणखी पिढ्या मिळाल्या. उतार आपण बदलला, पाणी त्या बाजूनें आलें. म्हणून ज्या मंडळींत कपाशी पिकते, तेथें उपदेशकानें हा पाठ डिसेंबरापूर्वी घ्यावा. कारण पऱ्हाटी उपटून शेत मोकळें करावयाची वेळ तीच आहे.