हरवलेल्या बखरीची जुळवाजुळव

कूफ्याचा इतिहासकार अबू मिख्नफ 774 मध्ये वारला. करबलाच्या लढाईवरचं त्याचं पुस्तक आज कुठेच मिळत नाही, पण नंतरच्या तबरी या इतिहासकारानं आपल्या इतिहासात त्यातला बराच मजकूर उतरवून घेतलाय. तो आज आपण सोडवून घेऊ. अरबी येत नाही? हरकत नाही, सुरुवात इंग्रजी भाषांतरावर करता येते.

हाताशी ठेवा: तबरीच्या भाषांतराचा 19वा खंड, शिया विद्वान शेख मुफीदच्या ‘इर्शाद’चं इंग्रजी भाषांतर, कोरी कार्डं, पेन, पेन्सिल, मोठं पाकीट.

1. एकच प्रसंग निवडा. हुर्र या सरदारानं हजार स्वारांनिशी पैगंबरांचे नातू हुसैन यांची वाट अडवली, तोच घ्या. अख्खी लढाई घेऊन बसलात तर संध्याकाळपर्यंत टेबल दिसणार नाही.

2. अबू मिख्नफच्या नावानं छापलेलं ‘मक्तल’ (हुसैन यांच्या वधाची हकीकत) घरात असेल तर ते कपाटात टाका. ते मागाहून कुणीतरी रचलेलं आहे. त्यातली एक ओळ मिसळली की दुधात मिठाचा खडा पडलाच.

3. प्रसंगाच्या तोंडाशी असलेली नावांची साखळी, म्हणजे इस्नाद, शोधा. एरवी ही नावं आपण ओलांडून पुढे जातो. आज तीच कामाची.

4. साखळी कार्डाच्या माथ्यावर जशीच्या तशी उतरवा. हिशाम (अबू मिख्नफचा मजकूर पुढे पोचवणारा), मग अबू मिख्नफ, मग त्याला सांगणारे, असा क्रम दिसेल. नुसतं ‘हिशाम’ वाचून हुरळू नका. तो अवाना या दुसऱ्या निवेदकाकडूनही हकीकती घेतो, आणि त्या आपल्या नव्हेत. आणखी एक: हिशाम वारला तेव्हा तबरी जन्मलाही नव्हता, म्हणजे तबरीनं हे हिशामच्या तोंडून ऐकलेलं नाही.

5. उतारा संपतो तिथे रेघ मारा. सगळ्यात जास्त लोक इथेच घसरतात, तेव्हा सावकाश. छापील पानावरच्या अवतरणचिन्हांवर विसंबू नका. ती भाषांतरकारानं घातलेली, जुन्या हस्तलिखितात तसलं काही नव्हतं. नवी साखळी सुरू झाली की थांबायचं. तबरी मध्येच दुसऱ्याची हकीकत घुसवतो (याच भागात अम्मार अद-दुहनीची आहे), मग पुन्हा अबू मिख्नफकडे वळतो. बोट ओळीवर ठेवूनच वाचा.

6. समासातला आकडा कार्डाच्या कोपऱ्यात लिहा. तो लायडनच्या अरबी आवृत्तीचा पानक्रमांक आहे. इंग्रजी पानाचा आकडा लिहिलात तर अरबी मजकूर शोधताना कपाळाला हात लावाल.

7. मजकूर कार्डावर उतरवा: साखळीत अबू मिख्नफचं नाव असेल तर पेननं, नुसतंच ‘तो म्हणाला’ असेल तर पेन्सिलीनं. ‘तो’ म्हणजे कोण, हे दरवेळी मागे जाऊन बघा.

8. आता ‘इर्शाद’मध्ये तोच प्रसंग उघडा. मुफीदनंही अबू मिख्नफचा मजकूर घेतलाय, पण तो साखळ्या छाटतो, त्यामुळे नावांवरून नव्हे, घटनेवरून शोधा.

9. दोन्हीकडे जुळणारी वाक्यं अधोरेखित करा. शब्दन्‌शब्द जुळला म्हणून टाळ्या वाजवू नका! दोन्ही भाषांतरं आय. के. ए. हॉवर्ड यांचीच आहेत; साम्य त्यांच्या इंग्रजीचंही असू शकतं. अरबी जाणणाऱ्या मित्राला चहाला बोलवा आणि मूळ शब्द बघून घ्या. मला तर हे लक्षात यायला फार उशीर लागला, सगळी कार्डं पुन्हा करावी लागली.

10. मुफीदकडे जास्तीची ओळ सापडली तर ती वेगळ्या कार्डावर, पेन्सिलीनं लिहा. तबरीच्या कार्डावर चिकटवू नका. मुफीदनं इतरांकडूनही घेतलंय.

11. सगळी कार्डं घटनेच्या क्रमानं टेबलावर मांडा. हा तुमचा क्रम; मूळ पुस्तकाचा असेलच असं नाही.

12. जिथे दुवा तुटतो तिथे कोरं कार्ड ठेवा. तिथे आपल्या पदरचं वाक्य घालायचा मोह होतोच, हात आवरा.

13. कार्डं पाकिटात भरा.

14. पाकिटावर लिहा: ‘तबरीच्या हातचा अबू मिख्नफ’. नुसतं ‘अबू मिख्नफ’ लिहू नका. तबरीनं जे गाळलं, ते या पाकिटात नाही.